कोर्ट उठेपर्यंत

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी बँकेत नवी होते, आणि आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची आठवण पुष्कळदा आली, पण तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात जे झालं ते घरात कुणाला सांगवत नाही. मुलगा हसेल, सून काळजी करेल, आणि शेवटी दोघंही म्हणतील, आई, सुटलीस ना, मग विषय संपला. विषय संपलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी कोथरूडच्या आमच्या स्टॉपवर स्वारगेटच्या बससाठी उभी होते. ऊन तापलेलं, बसचा पत्ता नाही. अखेर आली ती स्टॉप सोडून पुढे जाऊन थांबली आणि सगळेच पळाले. माझ्या शेजारून एक बाई पळाली, पन्नाशीची असेल, हातात स्टीलच्या डब्यांची जड पिशवी. ती पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटली. मी म्हणाले, "दिसत नाही का? कुठून कुठून येतात ही माणसं." ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "बस तुमच्या बापाची हाय का?" त्यावर मी तिच्या थोबाडीत मारली. हो बाई, मी. आयुष्यभर काउंटरमागे बसून तोंडावरची रेषही न हलवता लोकांची बोलणी ऐकून घेतलेली मी. मग तिने माझ्या पर्सचा पट्टा ओढला, तो तुटला, मी तिचे केस धरले. शिव्या तिने दिल्या आणि मीही दिल्या. मला त्या येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बस अडकली, तिच्यामागे गाड्या अडकल्या, लोक मोबाईल काढून उभे राहिले. मोटारसायकलवरून दोन पोलीस आले आणि आम्हा दोघींना रिक्षात घालून चौकीत घेऊन गेले. रिक्षात आम्ही एकमेकींना चिकटून बसलो होतो आणि दोघींनाही धाप लागली होती. दोघी सारख्याच होतो असा तेवढाच रस्ता.

चौकीत शिरल्याबरोबर तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, आपण राहायला कुठे? काय करता?" मी सांगितलं. लगेच खुर्ची आली, पाणी आलं. मग त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "तू कुठली गं?" ती भिंतीपाशी उभी होती. लोणी काळभोरची, म्हणाली. आमच्याच भागातल्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या करते. साहेब माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. त्यांनी मला सांगितलं की तुमच्यासारख्यांनी असल्या भानगडीत पडू नये, तुम्हाला समज देतो, इथे सही करा आणि घरी जाऊन विश्रांती घ्या. तिच्यावर मात्र केस, सार्वजनिक ठिकाणी मारामारी केली म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात हजर राहायचं. ती म्हणाली, "साहेब, पहिला हात यांनी उचलला. विचारा त्यांनाच." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही, नुसतं पाहिलं. एक हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, "माझं बीपी वाढलंय बहुतेक." आणि सही करून बाहेर पडले.

रिक्षात बसल्यावर मला तुम्ही आठवलात, शाळेच्या नळापाशी उभ्या. आम्ही सातवीत होतो. पाण्यावरून माझं आणि शाळेच्या शिपाईकाकांच्या मुलीचं जुंपलं होतं. मी तिची वेणी ओढली, ती मला चावली. तुम्ही तिला हातपाय धुऊन वर्गात जाऊन बसायला सांगितलंत, आणि मला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलंत. माझे वडील तावातावाने शाळेत आले. दोघींचा गुन्हा एकच तर शिक्षा दोन कशा, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात की मला योग्य वाटलं ते मी केलं, आणि शांतपणे वह्या तपासत राहिलात. मी वर्गाच्या दारात उभी राहून तुमचा भयंकर राग करत होते. तुम्ही तिची बाजू घेता, ती गरीब म्हणून, असं मी घरी सांगत असे.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होतात. मी थट्टेने म्हणाले की बाई, त्या नळाच्या शिक्षेचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "तुला बाहेर उभं केलं तर तुझे वडील मला जाब विचारायला आले. तिला उभं केलं असतं तर तिच्या बापाने तिलाच फोडून काढली असती. मग ती शिक्षा सारखी कशी झाली असती?" आणि मेथीची दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवलीत. मी निवडली, पण पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पूर्ण पटलेलं आजही नाही. बँकेत मी सगळ्यांना एक नियम लावला आणि त्याचा मला अभिमान आहे. कायद्याने प्रत्येकाच्या घरात डोकावून शिक्षा ठरवायची म्हटली तर त्याला अंत नाही. पण तुमचं उलटं करून, जिला आधीच जास्त भोगायचं आहे तेवढ्या तिलाच शिक्षा द्यायची, हे मी त्या चौकीत खुर्चीवर बसून पाहिलं, आणि पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेले. घरी दाताच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगितलं. जाऊन काय करणार होते ते माझंही ठरलेलं नव्हतं. मागच्या बाकावर बसले. आधी वाघोलीच्या चार मुलांची केस निघाली. भर रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर वाढदिवसाचा केक कापून, गाणी लावून रस्ता अडवला होता. त्यांच्याबरोबर वकील होता. दंड झाला, भरला, आणि ती मुलं हसत बाहेर पडली. मग तिला पुकारलं. न्यायाधीश तरुण मुलगी होती, माझ्या सुनेच्या वयाची. गुन्हा कबूल आहे का, विचारलं. ती हो म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण भांडण एकटीनं होतं का, मॅडम?"

न्यायाधीशांनी पोलिसाला विचारलं की दुसरी बाई कोण. तो म्हणाला, त्यांना समज देऊन सोडलंय. का, असं त्यांनी विचारलं. तो जरा अडखळला आणि म्हणाला, "ज्येष्ठ आहेत, सुशिक्षित आहेत." तिने मला पाहिलेलं आहे, आत आल्याबरोबरच पाहिलंय, पण ती बोट दाखवत नाही. मी नुसती उभी राहिले तरी पुरे आहे. मी मान खाली घालून पर्समध्ये चष्मा शोधते आहे, आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे. कागद उलटल्याचा आवाज येतो. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा.

म्हणजे संध्याकाळपर्यंत. ती भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसली. दुपारी न्यायाधीश जेवायला गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कशाला थांबलाय? तुमाला कुणी सांगितलंय का?" मी म्हणाले की चूक माझी होती, म्हणून तुमच्याबरोबर कोर्ट उठेपर्यंत बसते. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान गप्प बसेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "मग मघाशी उठून बोलायचं. आता शेजारी बसून माझी शिक्षा निम्मी होनार हाय का? मेसवाला उद्या कामावर घेतो का न्हाई, त्ये मला बघायचंय. तुम्ही जावा घरी." मी म्हणाले, मेसवाल्याशी मी बोलते. "नगं," ती म्हणाली. "तुम्ही बोलल्यावर समद्यांना कळंल, मी कोर्टात हुते म्हून." आणि तोंड फिरवून बसली.

मी उठले. तिला नाव विचारायचं राहून गेलं; पुकारलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. तुम्ही असता तर मला कुठे आणि किती वेळ उभं केलं असतं याचा मी घरी आल्यापासून विचार करते आहे. पण तुम्ही असता तर हे मी तुम्हाला कळवलंच नसतं, तेही मला ठाऊक आहे. पत्र लिहून झालं की फाडून टाकणार आहे. त्याआधी एकच राहिलं. कोर्टाच्या दारात गर्दी होती, मी बाहेर पडायला धडपडत होते, तेव्हा तिथला हवालदार मला वकील समजला की काय कोण जाणे, हाताने लोकांना मागे सारत म्हणाला, "मॅडमना वाट द्या." लोकांनी दिली. आणि बाई, तेवढ्यातही मला बरं वाटलं.