आई धावली, हे सांगायचं होतं

आप्पा, दादा गेला. गेल्या उन्हाळ्यात, मनोरजवळ, हायवेवर, मोटारसायकलवरून घरी येताना. तुमची आणि त्याची तिकडे भेट झाली असेल, असं भेटायला आलेले लोक सांगत होते. मला तसं वाटत नाही, म्हणून लिहून कळवते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. पुढे घर दादानेच चालवलं. तुमच्या रसायनांच्या कारखान्यात त्याला जागा मिळत होती, पण आई नको म्हणाली. बोईसरची हवा माझ्या एका माणसाने खाल्ली तेवढी पुरे, असं ती म्हणायची. म्हणून तो मनोरला एका गोदामात लागला आणि रोज मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला. तो गेल्यावर आई हे एकदाच बोलली, "मीच पाठवला त्याला त्या रस्त्यावर." नंतर तिने बोलणं कमी केलं आणि उंबरा ओलांडणं बंद केलं. भाजीवाली दारात यायची, तिच्याशीही मीच बोलायची. संध्याकाळी दिवा लावताना आई देवाला म्हणायची, मला ने आता. रागाने नाही, रडून नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं.

मी पालघरच्या शाळेत शिकवते. दादा गेल्यापासून आईजवळच राहते. तेराव्यानंतरही माणसं येतच होती. येणारा बसला की तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं. एका सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी दूध आणायला गेले, डेअरीपाशी थांबायचं होतं आणि थांबले नाही. चप्पल घालूनच चालत राहिले, मग धावले, आणि गाव संपल्यावर एका पुलाच्या कठड्याला धरून ओकले. घरी आले तर कोणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात पालघरला धावायचे बूट घेतले. आता सुट्टीच्या दिवशी मी नवापूरवरून पार मुरब्यापर्यंत धावत जाते. तिथे बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीने पहिल्यांदा मला अडवलं होतं.

"बाय, कोन लागलाय तुझ्या मागं?"

"कोणी नाही, आजी."

"मग धावते कशाला? बस की जरा. पाणी पी."

बसले. पाणी प्याले. पुढच्या वेळी ती लांबूनच ओरडली, "आली गो, कोनी मागं नाय ती आली!" तेव्हापासून त्या गावात माझं हेच नाव आहे.

आता जे सांगायचं आहे ते. तुमची रविवारची कवायत आठवते? आम्ही स्वयंपाकघरात चहा पीत बसलेलो असायचो आणि तुम्ही मोरीतून एकदम ओरडायचात, "गॅस सुटला!" मग पंचा ओला करून नाकाला बांधायचा, बाहेर येऊन दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतात ते बघायचं, आणि वाऱ्याला आडवं पळायचं. एकदा दादा चुलीवरचं आधण उतरवायला मागे फिरला. तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. "चहा जाऊ दे. माणूस निघाला पाहिजे." आणि आई? ती एकाही रविवारी उठली नाही. भाकरी थापत म्हणायची, "खरंच सुटला की मला हाक मारा. खोट्यासाठी मी तवा सोडायची नाही." तुम्ही चिडायचात, आणि ती तुमच्या ताटात गरम भाकरी टाकायची.

थंडीतली एक सकाळ. धुकं आहे, आणि धुक्यात तो नेहमीचा वास, जो नवीन माणसालाच येतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला आहे. धूळ फार, म्हणून मी रुमाल ओला करून नाकातोंडावर बांधला आहे. शेवटचा टप्पा मी जोरात धावते, तशी धावते आहे. चहाच्या टपरीवर रात्रपाळी सुटलेली पोरं उभी आहेत. मी कोणाची मुलगी ते, आणि तुमची कवायतही, त्या गल्लीत सगळ्यांना माहीत. त्यांच्यातला एक मला बघतो, माझ्या तोंडावरचा ओला रुमाल बघतो, आणि त्याच्या हातातला ग्लास खाली पडतो. "दीदी, क्या हुआ? गैस है क्या?" मला दम लागलेला. बोलता येत नाही, म्हणून मी हात हलवते. काही नाही, असं सांगायला. त्याला ते "निघा" असं दिसतं.

आप्पा, मग सगळी गल्ली धावली. शटरं वाजली, कोणी थाळी बडवली. अर्ध्या गालाला साबण लागलेला माणूस, कुकरसकट बाहेर आलेली बाई, दोन बकऱ्या. मी सगळ्यांच्या मागे "नाही, नाही" करत धावते आहे आणि मला बघून माणसं आणखी जोरात धावताहेत. आणि शाळेच्या मैदानाकडे वळताना मला आई दिसली. अनवाणी. पदर ओला करून नाकावर घेतलेला. एका हाताने तिने शेजारच्या काकूंना दंडाला धरून ओढत आणलं होतं, ज्यांचे गुडघे गेलेले आहेत. वळणावर आई क्षणभर थांबली, मान वर करून एका गॅलरीतल्या वाळत घातलेल्या साड्या बघितल्या, आणि बरोबर आडवी वळली. सगळी गल्ली तिच्या मागे वळली.

मैदानात उलगडा व्हायला वेळ लागला. मग शिव्या आणि हसणं एकदमच सुरू झालं. "मॅडम, उद्यापासून पाटी लावून धावा," साबणवाला म्हणाला. आई कोणाकडे न बघता घरी गेली.

दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून बसली. जेवली नाही. संध्याकाळी दिवाही लावला नाही. मला भीती वाटत होती की मी होतं नव्हतं तेही मोडलं. रात्री ती म्हणाली,

"मी पळाले."

"हो."

"पोरगं गेलं, आणि मी जीव घेऊन पळाले. सगळ्यांनी बघितलं. रोज देवाला कोणत्या तोंडाने सांगत होते मी?"

मी तिच्या पायांना लागलेले खडे काढत बसले. एका टाचेतून रक्त आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू काठी टेकत आल्या. केळवणाला जावं तशी चांगली साडी नेसून. आईसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "वयनी, तुमी होता म्हणून मी वाचली."

आई म्हणाली, "गॅस नव्हताच, काकू."

"असता तर वाचली असती ना? आमच्या घोवाचं बघा. मला सोडून मैदानाच्या गेटापर्यंत गेला. मागं वळून पन बघितलं नाय. वर मला बोलतो, तू येतेस वाटलं मला. या गुडग्यांनी?" काकूंनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "आता त्याला चहा बंद हाय. गॅस संपला सांगते."

आई हसली. आधी पदराआड, मग उघड. हसता हसता रडायला लागली, आणि काकू तिच्या पाठीवर हात ठेवून नवऱ्याला शिव्या देत राहिल्या. त्या दिवशी आईने काकूंना घरापर्यंत पोचवलं. मधे एकच भिंत आहे, पण त्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो.

दिव्यापुढे ती आता काय म्हणते ते मी ऐकत नाही. पण गेल्या रविवारी मी बोईसरहून चिंचणीपर्यंत धावले, आणि आई रिक्षाने माझ्या आधी पोचून किनाऱ्यावर बसली होती. ओहोटी होती. तिने एक वडापाव खाल्ला, मग दुसरा मागितला, आणि दुसरा खाताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही समुद्राकडे बघत राहिले. मग तिने विचारलं, "लोक म्हणतात तू दादासाठी धावतेस. एवढा वेळ त्याच्याशी बोलत असतेस का गं?"

मी हो म्हणाले.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. आप्पा, धावताना मला दादा आठवत नाही. सुरुवातीला असतो. घर मागे पडेपर्यंत, श्वास लागेपर्यंत असतो. मग कुठेतरी खाडीलगतच्या खाजणाच्या कडेला तो सुटतो, आणि त्यानंतर फक्त रस्ता, बगळे आणि माझे पाय असतात. मी तेवढ्यासाठीच धावते. तेवढा वेळ मला बरं वाटतं, आणि परत आल्यावर तो पुन्हा असतोच. आईच्या हातात अर्धा वडापाव होता, ती माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हाच हे तिला सांगायला हवं होतं. तिला कळलं असतं. पुढच्या वेळी तिने विचारलं तर सांगेन, बहुतेक.