पाच लिटरचा चंबू आणि माझा दम

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकून घातला आहे. पूर्वी वाकलो की खोकल्याची उबळ यायची आणि नमस्कार अर्ध्यावर राहायचा. आता तसं होत नाही, ही या पत्रातली पहिली बातमी.) तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं तुमच्या पत्रावरून कळलं, आणि तुम्ही जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबून रोज पाच मिनिटं शेजाऱ्यांच्या कुंड्या बघता, हे मामींच्या पत्रावरून कळलं. तुम्हाला झाडांची एवढी आवड कधीपासून लागली ते कळवावे. मामींवर रागावू नका. त्या काळजीपोटी लिहितात आणि मी काळजीपोटी वाचतो.

आता माझी हकिगत. जरा लांबण लागेल, पण तुम्ही हल्ली घरीच असता, आणि तुम्ही निवृत्त झाल्यापासून कारखान्यात मनातलं बोलावं असं कोणी उरलेलं नाही. सगळं सुरू झालं चंबूंपासून. प्रयोगशाळांचे मोठे गोल काचेचे चंबू तुमच्यानंतर मीच फुंकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या वर्षी माझे दोन लिटरचे चंबू परत यायला लागले. कारण काय, तर त्यात दोन लिटर मावत नाही! मी म्हटलं, काच खराब. फोरमननी (तुम्ही ज्यांना एरंडेल म्हणायचात तेच, चेहरा अजून तसाच आहे) काच बदलून दिली. मग मी म्हटलं, फुंकनळी आतून बुजली असेल. नळी बदलली. मग भट्टीवर संशय घेतला, हवेवर घेतला, आणि सगळं संपल्यावर पाण्यावरही घेतला, की हल्लीचं पाणीच जास्त जागा खातं. एरंडेलांनी माझे तीन वर्षांतले चंबू फळीवर ओळीने मांडले. डावीकडून बघत गेलं की आजोबा, वडील, मुलगा आणि नातू उभे असल्यासारखे दिसत होते. नातवाशेजारी माझं सिगारेटचं पाकीट पडलेलं होतं (ते मीच विसरलो होतो). एवढं बघितल्यावर माझ्या डोक्यातसुद्धा प्रकाश पडला.

एरंडेल म्हणाले, तीन महिन्यांनी पाच लिटरच्या चंबूची ऑर्डर आहे. एका दमात फुगवलात तर भट्टीवर राहा, नाही तर पॅकिंगला जा. पॅकिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याने फुंकायचं आणि आपण ते कागदात गुंडाळायचं. तीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने! माझी पाचावर धारण बसली आणि मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने लहान, पण समजावण्याची हातोटी अशी की मला वाटलं त्यांनी आमच्या भट्टीवर उमेदवारी केली असावी. फुप्फुसात म्हणे द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. धुराने त्यांच्यामधल्या भिंती विरत जातात आणि पुष्कळ लहान फुग्यांच्या जागी एक सैल, मोठा फुगा उरतो. त्यात हवा जाते, पण नुसती पडून राहते. (जास्त तापलेली काच बसते, तसंच.) मी विचारलं, पुन्हा तापवून नीट करता नाही का येत? बाई म्हणाल्या, नाही. गेलं ते गेलं, पण राहिलंय ते वाचतं, सिगारेट सोडली की घसरण मंदावते. शिवाय श्वासनळीत बारीक केसांचे झाडूवाले असतात म्हणे. धुराने ते हातपाय गाळून बसलेले असतात. सोडल्यावर काही आठवड्यांत हळूहळू कामाला लागतात आणि साठलेला कचरा काढायला घेतात, म्हणून सुरुवातीला खोकला वाढला तरी घाबरायचं नाही. मला त्या झाडूवाल्यांची फार दया आली.

बाईंनी व्यायामाला एक यंत्र दिलं. प्लॅस्टिकचे तीन कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, आणि तोंडात धरायला नळी. त्या काही सांगू लागल्या तर मी म्हटलं, बाई, नळीचं मला शिकवू नका. घरी आलो, उभा राहिलो, तुम्ही शिकवलंत तसं पोट आत घेतलं, गाल सैल सोडले आणि फुंकलं. चेंडू ढिम्म. पुन्हा फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेंडू जागच्या जागी. पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ फुंकत होतो. आपला कारभार आटोपला अशी माझी खात्री पटली आणि मी हिला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगून ठेवलं. (ही म्हणाली, किल्ल्या पहिल्यापासून माझ्याकडेच आहेत.) पंधरवड्याने बाईंसमोर फुंकून दाखवलं, तर त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. त्या यंत्रात फुंकायचं नसतं, मामा. हवा आत ओढायची असते! ओढली, तर दोन चेंडू टुणकन वर, आणि तिसरा थरथरला. मला रडूच आलं.

पण खरी फजिती झाली ती भट्टीवर. आपल्याकडे वेळ कशी मोजतात हे मी विसरूनच गेलो होतो. नळ्यांचा लहान जोड असेल तर अर्धी सिगारेट ओढून होईपर्यंत तो मंद ज्योतीवर फिरवायचा, मोठा असेल तर अख्खी, आणि तुमच्या त्या लांब कंडेन्सरला दोन. हे तुम्हीच शिकवलंत आणि सगळा कारखाना असाच चालतो. सिगारेट सुटली आणि माझं घड्याळच गेलं. पहिल्या आठवड्यात अकरा जोड तडकले, कारण मी मनात अर्धी सिगारेट ओढायचो आणि ती अधाशासारखी भराभर संपायची. दुसऱ्या आठवड्यात मी शेजारच्या भट्टीवाल्याला ओढायला लावून त्याच्याकडे बघत काच फिरवू लागलो. त्याची अख्खी झाली की माझा जोड तयार. हे हिला कळलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तुमची फुप्फुसं वाचवायला त्याची जाळायची का? शिवाय त्याचा धूर तुमच्याच नाकात. तिने स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ मला दिलं. त्याची घंटी वाजली की सगळे भट्टीवाले जेवायला उठतात, पण जोड तडकत नाहीत.

आणि काय सांगू, मामा, गेल्या सोमवारी पाच लिटरचा चंबू फुगला. एका दमात! एरंडेलांनी त्यात पाणी भरलं, मापलं, आणि चेहरा न हलवता मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा सिगारेट सोडण्यात फायदा आहे हे माझ्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सोबतच्या खोक्यात तीन चेंडूंचं यंत्र आहे. तुमच्यासाठी नवं घेतलं. माझं उष्टं नाही.

आणखी एक. तुमच्या नावाने डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. त्यासाठीच हे एवढं लिहिलं. मी बुधवारी तुम्हाला न्यायला येतोय.

शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडून लिहितोय. चंबू फुगला नाही, मामा. साडेतीन लिटरपर्यंत आला आणि माझा दम संपला, काच खाली बसली. टाळ्या वगैरे काही नाही, सगळे आपापल्या ज्योतीकडे बघत होते. मंगळवारपासून मी पॅकिंगला आहे. यंत्राचं खोकंही मीच बांधलंय. जिंकलेल्या माणसाचं तुम्ही ऐकाल असं वाटलं म्हणून वर तसं लिहिलं. बाकी सगळं खरं आहे. चार मजले न थांबता चढतो, शांत झोपतो, आणि तीन महिन्यांत एकही ओढलेली नाही, त्या सोमवारीसुद्धा नाही. पहिली तुम्ही दिली होतीत याचा मला कधीच राग नव्हता. पण मी पाच-सहा वर्षं उशीर केला आणि माझं फक्त काम गेलं. तुम्ही उशीर केलात तर काय जाईल, या विचाराने माझा कामात हात चालत नाही. मी बुधवारी येईन तेव्हा तयार असा. भांडायचं असेल तर वाटेत भांडू.