पाटीवरच्या दोन ओळी

२ मार्च

पोचलो एकदाचा! दोन वर्षं कुत्र्यामांजरांची नखं कापून वैतागलेल्या डॉक्टरला चौदा घोड्यांचा तबेला म्हणजे लॉटरीच. मालकीणबाईंना सगळे बाईसाहेब म्हणतात. साठीच्या पुढच्या, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून खालचा तबेला दिसतो. पलंग लोखंडी, गादी नवी. छताला पलंगाच्या बरोबर वर एक जाड कडी आहे. झोपाळ्याची असावी, पण पलंगावर झोपाळा कोण टांगतं देव जाणे. स्वयंपाकीणकाकू म्हणाल्या की आधीचे डॉक्टर याच खोलीत अकरा महिने होते, त्यांची बाईसाहेबांनी फार सेवा केली. म्हटलं, मलाही चालेल की थोडी सेवा.

ताईचा फोन आला. जगबुडी आली तरी ती आधी विचारणार, जेवलास का. हो म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडतो, मग बाकीचं ऐकते.

५ मार्च

आज खरी परीक्षा झाली. ठमी नावाची पाच वर्षांची तांबडी घोडी कुंपणावरून उडी मारताना पडली. मागच्या डाव्या पायाचं हाड खुराच्या वर वीतभर मोडलंय, एक टोक कातडीबाहेर. पुस्तकात अशा घोड्यासाठी एकच इलाज लिहिलेला असतो आणि तो पाच मिनिटांत संपतो.

पण इथली एक रीत आहे. जनावर जबर जखमी झालं की सगळे त्याच्या दारात जमतात आणि बाईसाहेब डॉक्टरला विचारतात, कुठवर जायचं. डॉक्टर सांगेल ते पाटीवर लिहून दाराला टांगतात. मग रोज सकाळी सातला पाटी वाचायची आणि तसं वागायचं. जनावर बरं होईपर्यंत किंवा जाईपर्यंत पाटी पुसत नाहीत. घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार म्हणाला की पूर्वी इथे डॉक्टर रोज शब्द फिरवायचे आणि हाल घोड्यांचे व्हायचे, म्हणून मोठ्या मालकांनी पाटी आणली. मला ही रीत बेहद्द आवडली.

मोतद्दार टोपी हातात घेऊन उभा होता. चाळीस वर्षं घोड्यांत गेलेला माणूस, त्याला उत्तर माहीत होतं. मलाही होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि ताई म्हणते तसं माझं तोंड आधी धावतं, डोकं मागून येतं. मी म्हणालो, जोवर खातेय तोवर थांबायचं नाही. बाईसाहेबांनी स्वतः खडूने लिहिलं. अक्षर मोत्यासारखं.

६ मार्च

प्लास्टर घातलं. पोटाखालून आणि छातीखालून रुंद पट्टे घेऊन साखळीने तुळईला टांगलं, म्हणजे पायावर भार नको. मोतद्दाराने विचारलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं का. मी म्हटलं, हलवलं तर हाड सरकेल. हे खरं आहे. हेही खरं आहे की तिथे नेली असती तर नाव त्यांचं झालं असतं. रोजनिशीत तरी खोटं कशाला लिहू.

सातला मी गाजर पुढे केलं, तिने खाल्लं. बाईसाहेबांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे बघून हसल्या. दिवसभर हवेत होतो.

११ मार्च

खातेय. पट्ट्यांखाली कातडी सोलली आहे. पट्टे बदलायला हवेत, पण उतरवून पुन्हा टांगायचं म्हणजे तिला तासभराच्या वेदना, आणि मोतद्दाराचे हातही थरथरतात. पुढच्या आठवड्यात बघू.

रात्रंदिवस एकाच मागच्या पायावर ती जेवढा भार घेते, तेवढ्याने तो चांगला खूरही गरम लागतोय. याचा अर्थ काय ते मला कळतं. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

१४ मार्च

आज तिने तोंड फिरवलं.

गाजर, ओला कोंडा, शेवटी साखर, सगळं करून पाहिलं. दातांवर दात घट्ट. डोळे मात्र माझ्यावर. मोतद्दाराने टोपी काढली. बाईसाहेबांनी पाटी वाचली आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या की मग ठरलं तर.

एवढंच करायचं होतं, मान हलवायची. माझ्या पिशवीत इंजेक्शन होतं. पण नऊ दिवस सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं, स्वयंपाकीणकाकू शेजारणींना माझं कौतुक सांगत होत्या. माझं तोंड पुन्हा धावलं. म्हणालो, नळीने पोटात घातलं तरी ते खाणंच.

बाईसाहेबांनी खडू घेतला आणि पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. नळी मीच निवडली, माझ्या करंगळीपेक्षा जाड. मोतद्दाराने डोकं धरलं, मी नाकातून सरकवली. हळू बाळा, हळू, असं म्हणत होतो. तिला ते आवडलं असावं असं काहीतरी मी तेव्हा मनाशी म्हटलं.

१८ मार्च

दिवसातून चार वेळा नळी. नाकातून रक्त येतं. चांगल्या पायाचा खूर वरच्या कडेने सुटायला लागलाय, आतलं हाड खाली बसतंय. म्हणजे आता दोन्ही पाय गेले.

आज हिंमत करून बाईसाहेबांना सांगितलं की माझं चुकलं, थांबूया. त्या जराही रागावल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन पाटीपाशी घेऊन गेल्या आणि लहान मुलाला वाचायला लावतात तसं मला मोठ्याने वाचायला लावलं. ती खातेय ना, म्हणाल्या.

मोतद्दाराला एकटं गाठलं. पाटी फोडून टाक म्हटलं. तो म्हणाला, “माझ्या हातात काय आहे, डॉक्टर? वरचा शब्द तुमचा, खालचाही तुमचाच.”

२० मार्च

ती आता ओरडत नाही. मी आत गेलो की थरथरते, बाकी कुणी गेलं तर नाही. फक्त मी.

ताईने विचारलं, जेवलास का. घास उतरत नाही म्हणालो. ती म्हणाली, तू थकलास, बाईसाहेबांचा नंबर दे, त्यांच्याशी बोलते. दिला.

२१ मार्च

उद्या दुपारी, सगळे जेवून पडले की, इंजेक्शन देणार. पाटी गेली खड्ड्यात. नोकरीही जाऊ दे.

२४ मार्च

पेन्सिलने लिहितोय. वही मोतद्दाराने आणून दिली.

परवा दुपारी दिलं. तिची मान खाली लोंबत होती म्हणून तिच्या गळ्याशी, जमिनीवर बसलो. माफी मागितली. सुई गेली आणि तिने एक मोठा श्वास सोडला. तिचा सगळा भार पट्ट्यांवर आला — आधी खाली उतरवायला हवी होती, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं — आणि रक्ताने, पुवाने कुजलेला छातीचा पट्टा तुटला. मी न बदललेला पट्टा. साडेचारशे किलो वजन माझ्या पायांवर.

ती सुटली. मोतद्दार तिच्या कपाळाला कपाळ लावून रडला, पण ते रडणं सुखाचं होतं.

माझा डावा पाय. घोट्याच्या वर वीतभर. टोक बाहेर आहे.

२५ मार्च

दवाखान्यात न्या, हात जोडले. बाईसाहेब म्हणाल्या, हलवलं तर हाड सरकेल, तुम्हीच म्हणाला होता. प्लास्टर त्यांनी आणि मोतद्दाराने घातलं. मी कसं घातलं ते दोघांनी नीट पाहून ठेवलं होतं. ठमीचं उरलेलं औषध मला देतात. माझा फोन तबेल्यात, कोटात राहिला. कुणी आणून देत नाही.

त्या रागावलेल्या नाहीत. पांघरूण नीट करून म्हणाल्या की तुम्हाला आम्ही असं सोडणार नाही.

२६ मार्च

छताची कडी —

मोतद्दार शिडी घेऊन आला. पट्टे धुतलेत, टाके नवे घातलेत. तरी तिचा वास येतो. पाठीला जखमा नकोत म्हणून, म्हणाला. कमरेखालून घेतले. आता मी गादीच्या वीतभर वर आहे.

आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, विचारलं. म्हणाला, त्यांची ओळ तुमच्यापेक्षा छोटी होती. काहीही झालं तरी. एवढीच.

२७ मार्च

पाटी पलंगाच्या पायाशी टांगली आहे. पुसलेली नाही. मी म्हटलं, ती घोडीची होती, घोडी गेली, पुसा. बाईसाहेब म्हणाल्या, शब्द कुठे गेलाय.

सकाळी सातला तिघंही आले. बाईसाहेबांनी चमचा पुढे केला. भूक होती — मी खाल्लं. त्या हसल्या.

३१ मार्च

पाय काळा पडतोय. वास माझाच आहे आता. दुसरी टाचही —

किंचाळलो तर काकू खिडकी लावून घेतात. रस्ता लांब आहे.

खाली फोन वाजतो तेव्हा ऐकू येतं. ताईच असते. बाईसाहेब प्रेमाने सांगतात, कामात आहे, हो, जेवतोय व्यवस्थित. मग ताई ठेवते. तिला एवढंच हवं असतं.

२ एप्रिल

ठरवलं. खाणार नाही. पाण्याचा घोटही नाही. पहिल्या ओळीत तेवढी एक फट आहे, माझ्याच मेहरबानीने. खाल्लं नाही तर थांबायचं.

दुसरी ओळ — ती वाचत नाही. तिकडे बघतच नाही.

३ एप्रिल

सात वाजले. चमचा. दातांवर दात घट्ट धरले. तिच्यासारखे.

मोतद्दाराने टोपी काढली. क्षणभर वाटलं —

बाईसाहेबांनी पाटी वाचली. पहिली ओळ. मग बोट खाली सरकलं.

मोतद्दार खाली गेलाय. काकू पाणी गरम करताहेत, धुवायला. नळी तीच असणार, दुसरी या घरात नाही. मीच निवडली होती — करंगळीपेक्षा —

जिन्यावर बादली वाजतेय.

फोन वाजला. ताई. बाईसाहेब सांगताहेत, हो हो, काळजी नको, आत्ताच जेवायला बसवतोय. ताई, ठेवू नकोस, ऐक, मी जेवलो नाही, मी आज काहीच —