पिवळा झालेला खळगा

लालबाग, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

बाबूला जाऊन आज आठवडा झाला. दादाचा मुलगा, अकरा महिन्यांचा.

संपानंतर दादाची गिरणी उघडलीच नाही. घरात नोकरीवाली मी एकटी, तीही परळच्या लॅबमध्ये. मोठी शहाणी! बाबूला जुलाब लागले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. आणि मी काय केलं? त्याची शी बाटलीत भरून कामावर नेली. आमच्याकडे नुकत्याच मोनोक्लोनल अँटिबॉडीज आल्यात, फक्त रोटाव्हायरसला, म्हणजे लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या विषाणूलाच चिकटणाऱ्या. तो सापडला की तपासणीच्या प्लेटमधला खळगा पिवळा होतो.

निघताना वहिनीने विचारलं, "तेका पाणी देऊ काय गो? आई म्हणता, पाण्यान जुलाब वाढतत."

मी चपला घालत म्हटलं, "थांब जरा. रिपोर्ट येऊ दे."

मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, एवढंच सांगायचं होतं. व्हायरस कुठलाही असो, पाणी द्यायचंच. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला तो पिवळा रंग बघायचा होता.

प्लेट रात्रभर ठेवावी लागते, म्हणून मी लॅबमध्येच थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी खळगा पिवळा झाला, अगदी हळदीसारखा. मला आनंद झाला. इथे तरी खरं लिहिते, आनंद झाला.

धावत घरी आले. बाबूचे डोळे खोल गेले होते, हाक मारली तरी बघेना. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं सगळं.

त्या दिवशी ओट्यावर वहिनीने पाणी उकळून, गार करून, वाटीने झाकून ठेवलं होतं. माझ्या रिपोर्टची वाट बघत.