दगडू कुठे गेला?

डिंडोली, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

संध्याकाळपासून डोकं चालत नाहीये. शेजारच्या सॅम्युअलसरांनी चर्चच्या स्मरणिकेसाठी एका जुन्या पाद्रीसाहेबांची इंग्रजी पत्रं मराठीत करायला दिलीत. शंभरेक वर्षांपूर्वी साहेबांनी खानदेशात शाळा काढली होती. माणूस भला, शंकाच नाही. पण आजच्या पत्रात लिहितात, शाळेत एक मुलगा आलाय, आईबापांनी त्याचं नाव चक्क दगडू ठेवलंय. पोटच्या पोराचा एवढा तिटकारा! म्हणून साहेबांनी त्याला नवं नाव दिलं.

तिटकारा? अहो, आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवतात, त्याच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून. मीही दगडूच. माझ्याआधीची तिघं गेली.

खाली टीप द्यावी का? सर म्हणाले, "साहेबांची चूक आपण कशाला दाखवायची? आहे तसं लिहा."

पण मला राग नक्की कुणाचा येतोय? पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात नोकरीला लागलो, तेव्हा लाजेनं मीच दिनेश नाव सांगितलं. तिथे सगळे दिनेशभाई म्हणतात. मग साहेबांनी वेगळं काय केलं?

आईला पत्र वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, "मंग जगना का तो पोऱ्या?"

तो जगला का ते शोधायला उरलेली सगळी पत्रं चाळली. शाळेचं छप्पर आहे, पुस्तकांच्या पेट्या आहेत. तो मुलगा कुठेच नाही, ना दगडू म्हणून, ना नव्या नावानं.

आतून आई पुन्हा हाक मारतेय, "दगडू, सांग ना रे!"