सायकलीनं कोयनेकडं

नेर्ले,
९ नोव्हेंबर १९७५

ती. आत्याबाईंना राहीचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. तुमचा खोकला कसा आहे? औषध चुकवू नका. दुधाचं शेजारच्या बनुबाईंना सांगून ठेवलंय. पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात काढतेय. तुमचं तुम्ही वाचा. अडलं तर थांबा, पुन्हा वाचा, पण दुसऱ्या कुणाकडं वाचायला देऊ नका. सारा पावसाळा सुनेनं सासूला बाराखडी शिकवली ती काय उगीच?

तुम्ही हट्टानं नेसायला लावलेलं लुगडं कामी आलं. पाचवारी साखळीत गेली असती. कासोटा बघून लोकांना वाटतं बाई बाजाराला निघाली, आणि मागं बांधलेली वळकटी दिसली की बुचकळ्यात पडतात. आष्ट्याला चहाला थांबले तर बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "यष्टी चुकली का बाई?"

"न्हाई, सायकलीनंच चाललीया."

"घरात भांडान झालं?"

"न्हाई."

"मग सासूनं सोडलं कसं?"

"सासूनंच दशम्या बांधून दिल्यात."

त्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "लय शानी असंल तुझी सासू. न्हाईतर लय यडी."

हा रस्ता मी एसटीतून किती वेळा बघितलाय, पण त्याचा वास कधी आला नव्हता. उसाला पाणी पाजलेल्या रानाचा वेगळा, उपटलेल्या भुईमुगाचा वेगळा. आणि गुऱ्हाळ तर दिसायच्या आधीच नाकाला कळतं. नेर्ल्याच्या अलीकडं अशाच एका गुऱ्हाळावर थांबले. मालकीण मनुबाई. त्यांनी काहिलीतला गरम गूळ उसाच्या कांड्यावर घेऊन हातात दिला. जीभ भाजली, तरी खाल्ला. माझी चौकशी करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता अंधारात कुठं जातीस? चल घरला." आज त्यांच्याच सोप्यात मुक्काम. मांड्या लय दुखतायत, पण ते दुखणंही बरं वाटतंय.

कोयनेला काय काम, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी धरण बघायला जाते म्हटलं. धरण बघायचंच आहे.

तुमची सून,
राही


पाटण,
११ नोव्हेंबर १९७५

ती. आत्याबाई,

नमस्कार. पहिलं पत्र मिळालं असेल. काल कराडला संगमावर पाण्यात पाय सोडून बसले. तुमच्या दशम्या तिथंच संपवल्या. दुसऱ्या दिवसाची दशमी जास्त गोड लागते, हे मला आजवर माहीत नव्हतं.

कराड सोडलं की रस्ता नदीच्या संगतीनं जातो. ऊस कमी होत जातो, भात लागतं. कापणी चाललीय. मल्हारपेठेच्या अलीकडं पंक्चर झालं, म्हणून सायकल हातात धरून चालत होते. बांधावर जेवायला बसलेल्या बायांनी हाक मारली. नव्या तांदळाचा भात आणि नुसतं मीठ-मिरची. कोण, कुठली, हे त्यांनी जेवण झाल्यावर विचारलं.

मल्हारपेठेत पंक्चर काढून घेतलं. पुढं एक मोठा उतार लागला. पायडलवरचे पाय सोडले आणि मी ओरडले. काय ओरडले ते मलाच ठाऊक नाही. खालनं एक गुराखी ओरडला, "बिरेक लाव गं बाय!" मी नाही लावला. आत्याबाई, शाळेतल्या पोरांसमोर ज्या बाई कधी मोठ्यानं हसत नाहीत, त्या मीच का, असं वाटलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. इथल्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.

धरण बघायचं हे खरं, पण अर्धं. उन्हाळ्यात सांगलीच्या शिक्षक शिबिरात कोयनानगरचे नानासो गुरुजी आले होते. एकदा आपल्याकडं जेवायला आले, तुम्ही त्यांना आग्रहानं आमटी वाढलीत, तेच. त्यांची बायको मोठ्या भूकंपात गेली, हे तुम्हीच त्यांच्याकडून काढून घेतलं होतंत. परत जाताना स्टँडवर त्यांनी मला विचारलं, "आपण लग्न करू या का? घाई नाही." मी गाडी सुटेपर्यंत गाडीची पाटी वाचत उभी राहिले. तेव्हापासून उत्तर दिलेलं नाही.

एसटीनं निघाले असते तर एका दिवसात त्यांच्या दारात उतरले असते. सायकल कुठूनही माघारी वळवता येते, म्हणून सायकलीनं निघाले. इस्लामपूरला थांबले, पेठ नाक्यावर थांबले, कराडला तर तोंड माघारी करून उभी राहिले. वळले नाही. आणि हेही लिहिते, नाहीतर खोटं होईल: मधे कितीतरी वेळ नानासो माझ्या ध्यानातच नव्हते. रस्ता होता आणि मी होते. हे गेले त्याला दहा वर्षं झाली. इतकं हलकं मला मधे कधी वाटल्याचं आठवत नाही.

तुमच्या तोंडावर बोलायला धीर झाला नाही. राग आला तर येऊ द्या. खोकला वाढला तर मात्र बनुबाईंना हाक मारा.

राही


कोयनानगर,
१३ नोव्हेंबर १९७५

ती. आत्याबाई,

नमस्कार. काल आले. आधी धरण बघितलं. पाणी खूप आहे, आणि आवाज अजिबात नाही. नदीकाठानं इतकी आल्यावर ते चमत्कारिक वाटलं.

मग त्यांच्या घरी गेले. पत्र्याचं घर आहे, स्वच्छ. ते अंगणात वह्या तपासत होते. सायकल बघून उठले. आत्याबाई, आपल्या माधवनगरपासून भेटलेल्या प्रत्येकानं मला विचारलं, की एकटी का, कुणाची, कशापायी. यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "राहीबाई, वाटेत काय काय बघितलंत?"

मी सांगत बसले. गूळ, भात, उतार, सगळं. चहा निवला. त्यांनी तो पुन्हा गरम केला, तोही निवला.

जेवताना जमीन हलली. मोठं काही नाही, पण पत्रा वाजला, भांडी किणकिणली. मी ताटावरून उठले. त्यांनी बसल्या जागेवरून डावा हात लांब करून मडक्यांची उतरंड धरली, उजव्या हातातला घास तोंडात घातला आणि हादरा थांबल्यावर म्हणाले, "इथं हे चालतंच. भीती मलाही वाटते. पण मडकी फुटतात ना." मला हसू आलं. त्यांनाही आलं.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या आत्याबाईंचं काय?"

"त्या माधवनगर सोडून यायच्या नाहीत."

"विचारलंत?"

"नाही."

"मग आपण कोण ठरवणार?"

आत्याबाई, मी त्यांना हो म्हटलंय. तुम्हाला विचारायच्या आधी म्हटलंय. हे गेल्याची तार आली, तेव्हा भावकी म्हणाली, पोरीला माहेरी धाडा. तेव्हा उंबऱ्यात उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, "माझा ल्योक गेलाय, सून न्हाई गेली." आणि मला पुढं शिकायला पाठवलंत. आता त्याच सुनेला दुसऱ्या घरी जायचंय. भावकी मला बोलेल ते मी ऐकून घेईन. तुम्हाला काय बोलेल, त्याचा विचार करून झोप लागली नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ते खोटं असेल. मी जाणार आहे. तुम्ही बरोबर याल का, एवढंच विचारते. इथं थंडी आहे, जमीन हलते, आणि मिलचा भोंगा नाही, त्यामुळे पहाट कधी झाली ते तुम्हाला कळायचं नाही. पण घराच्या मागं बोलायला बाया आहेत आणि ऊन चांगलं येतं. यायचं नसेल तर तसं सांगा. दर सुट्टीला मी येईन, आणि तुम्ही दार उघडलं नाहीत तर सोप्यात बसून राहीन.

उद्या सकाळी इथून निघते. नानासो म्हणाले, सोबत येऊ का? मी म्हटलं, नको, हा रस्ता मला एकटीला पाहिजे.

आजवर 'तुमची सून' म्हणून सही केली. आता मी तुमची कोण, ते मी घरी आल्यावर तुम्हीच सांगा. आज नुसतं नाव लिहिते.

राही