अडकलेल्या नौका नंदूदादाला

मी, सुशांत मोहन पाटणकर, वय चोवीस, मूळचा मिरजेचा, सध्या मुक्काम जपानातल्या इचिकावाच्या रुग्णालयातली क्षयरोग्यांची बंद खोली, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहितो. शिक्षण एफ.वाय.ला सुटलं, तेव्हा कायद्याची भाषा चुकली तर अर्थ धरावा. उद्या सकाळी माझ्या उजव्या फुप्फुसाचा तुकडा काढणार आहेत.

खोलीला दोन दारं आहेत. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. खिडकी तर उघडतच नाही. होक्काइदोपर्यंत सायकल हाणलेला माणूस मी. आता पलंग ते बेसिन एवढाच फिरतो.

१. पोस्टातली शिल्लक आईला.

२. सायकल निशी-कसाईच्या माझ्या रूम पार्टनरला, साईला. सायकलची पोलिसांकडची नोंद बदलून घे रे, नाहीतर चोर म्हणून धरतील. गादीही तुझीच. टाकायची झाली तर कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातून मोठ्या कचऱ्याचं स्टिकर आण. नुसती खाली ठेवलीस तर मी मेल्यावरही शेजारच्या आजी मला शिव्या घालतील.

३. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा पटावरचा खेळ थोरल्या भावाला, नंदकिशोरला. तोयोसुतल्या नोकरीवर आला तेव्हा त्यानेच मला जपानी शिकायला इथे आणलं. रविवारी आम्ही खेळायचो. आरमार माझं, लष्कर त्याचं. खरोखरच्या युद्धातही चिलखती नौका मोठी नदी सोडून अरुंद ओढ्यात घुसल्या होत्या. शत्रूने पुढे झाडं पाडली, मग मागेही. वळायला जागा नाही. लष्कर चिखल तुडवत आलं, तेव्हा सुटल्या. आमच्या पटावरही माझ्या नौका तशाच अडकल्या आणि पाळी दादाची होती. तेवढ्यात मी क्लास सोडून भटकलो हे त्याला कळलं. "तुझ्यामागे किती धावू?" म्हणाला आणि उठून गेला. राधिकावहिनी डबा पाठवते, दादा येत नाही. दादा, राग नाही माझा. म्हणजे आहे, पण उद्याच्या आधी एकदा ये.

४. दुपारी पुढे लिहितो. दादा आला. मास्क लावून सगळं वाचलं. इथल्या दुभाषी तेजश्रीताई साक्षीला तयार होत्या, दुसरा साक्षीदार मिळेना. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असं ताई म्हणाल्या.

"मग माझं नाव खोड," दादा म्हणाला.

"अरे, खेळ तुझ्यासाठीच..."

"गाढवा, तुझ्या मरणातून मला काही नको. सही कुठे करू?"

सबब कलम ३ रद्द. खेळाला आता वारस नाही. मलाच सांभाळावा लागेल.

स्वाक्षरी: सु. मो. पाटणकर
साक्षीदार: १. तेजश्री वैद्य
२. नंदकिशोर मोहन पाटणकर, सख्खा भाऊ
इचिकावा, ११ नोव्हेंबर २००७